महावेलीच्या कलानं

परदेशी सहलींच्या माहितीपत्रकांना तीन कप्पे फार आवडतात. एका पानावर संस्कृती: देऊळ, दिवे, नाचणारी माणसं. दुसऱ्यावर निसर्ग: धबधबा, डोंगर, सूर्यास्त. तिसऱ्यावर वन्यजीव, आणि त्यात हमखास एक बिबट्या, थेट कॅमेऱ्याकडे बघणारा. श्रीलंकेचं पत्रक हाती आलं त्यातही हेच होतं. बेट आटोपशीर असल्यानं तिन्ही कप्पे झटपट उरकता येतात, याचं छापणाऱ्यांना भलतंच कौतुक.

मावशीनं पत्रक बाजूला सारलं आणि नकाशा मागितला. आयुष्यभर भूगोल शिकवलेली बाई ती; नकाशा समोर आला की त्यावर बोट फिरवल्याशिवाय तिला राहवत नाही. मधल्या डोंगरांतून निघून, कँडीला वळसा घालून, उत्तर-पूर्वेला त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळणारी एक निळी रेघ तिनं शोधून काढली. महावेली गंगा. लांबी ३३५ किलोमीटर, देशातली सगळ्यात मोठी नदी, बेटाच्या जवळपास पाचव्या हिश्शाचं पाणी हिच्याकडे येतं. "हिच्या कलानं जाऊ," मावशी म्हणाली. "वाटेत देऊळही येईल नि हत्तीही. वेगळं शोधायला नको."

काळ ठरला ऑगस्टचा. कँडीचा पेरहेरा, म्हणजे हत्ती-ढोलांची देवळांची मिरवणूक, तेव्हाच असतो आणि मिन्नेरियाच्या तळ्यावर हत्ती जमतात तेही तेव्हाच. मिरिस्साचे निळे देवमासे त्यामुळे हुकणार होते, त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. याला अभयारण्यातला बिबट्या मी माझ्या मनानंच काढून टाकला. एका बिबट्याभोवती पंधरा-वीस जीपगाड्यांचा चक्काजाम ज्यांना बघायचा असेल त्यांनी जरूर जावं.

कोलंबोहून बदुल्लाकडे जाणारी गाडी पकडून आम्ही नानू ओयाला उतरलो. ही गाडी लोक दारात लटकून फोटो काढण्यासाठी ओळखतात. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट आवडली: डोंगरात शिरल्यावर ती इतकी सावकाश चालते की रुळालगतच्या घराच्या ओट्यावर कोण काय निवडतंय तेही दिसतं. हॅटनच्या पुढे दोन्ही बाजूंना चहाच. तो बघून सगळे 'अहाहा' करतात, आम्हीही केलं. पण हा हिरवा गालिचा कुठून आला, हे मावशीनं पुढच्या स्टेशनापर्यंत ऐकवलंच. आधी इथे जंगल होतं, इंग्रजांनी ते तोडून कॉफी लावली. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला आणि मळे बसले. त्याच्या दोनच वर्षं आधी लूलकंदुराच्या मळ्यात जेम्स टेलरनं चहाची लागवड केली होती, तिनं मग सगळी जागा घेतली. पाती खुडायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानं त्यांच्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्वच काढून घेतलं, ते पुरतं मार्गी लागायला २००३ उजाडलं. त्यांची रोजची मजुरी १,००० श्रीलंकन रुपये व्हायलाही २०२१ यावं लागलं. खिडकीतून दिसणाऱ्या त्या बायकांच्या पाठीवरची पोती मग नुसती 'नयनरम्य' वाटेनात.

हॉर्टन प्लेन्सचं पठार समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरच्या वर आहे. महावेली, केलनी आणि वलवे या तीन नद्यांचे उगमप्रवाह याच टापूत. फाटकाशी एक कर्मचारी प्रवाशांच्या पिशव्या तपासत उभा होता. बाटलीवरचं प्लास्टिकचं लेबल त्यानं नखानं सोललं, बिस्किटांचा पुडा फोडून बिस्किटं कागदात बांधून दिली आणि वेष्टनं स्वतःजवळ ठेवून घेतली. एवढ्या शांतपणे, एवढ्या नेमानं की मागची रांगही कुरकुरली नाही. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एक सांबर गाड्यांच्या खिडक्यांत तोंड घालून खाऊ मागत हिंडत होतं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी.

इथला 'वर्ल्ड्स एंड' म्हणजे सुमारे ८७० मीटर सरळ खाली तुटलेला कडा. हवा स्वच्छ असेल तर तिथून दक्षिणेचा समुद्र दिसतो म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा पाच फुटांवरचं कुंपण दिसत नव्हतं. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा इथे ढग कोंबत असतो. निरभ्र कडा हवा असेल तर जानेवारी ते मार्च यावं आणि तेही सकाळी नऊच्या आत. शेजारी उभं असलेलं एक जोडपं अर्धा तास थांबून, पांढऱ्या भिंतीसमोर एक सेल्फी काढून वैतागून निघून गेलं.

मावशी मात्र खुश. परतीच्या वाटेवर तिनं मला एका झाडाखाली उभं केलं. बुटकं, छत्रीसारखं पसरलेलं झाड, फांद्यांवरून दगडफुलाच्या करड्या दाढ्या लोंबत होत्या. वर पाऊस नव्हता, तरी खाली टपटप चालू होती. ढग पानांना, शेवाळाला, त्या दाढ्यांना घासत जात होता आणि प्रत्येक तंतूच्या टोकाशी एक थेंब फुगत होता. फुगायचा, लांबोडका व्हायचा, गळायचा. त्याच्या मागे दुसरा तयार. झाडाखालची माती स्पंजासारखी, पाऊल ठेवलं की बाजूनं पाणी झिरपायचं. "नदी बघायची होती ना? ही बघ," मावशी म्हणाली. १८७३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी ५,००० फुटांच्या वरचं जंगल तोडू नये असा सल्ला इंग्रज सरकारला दिला होता. चहा वरपर्यंत चढला नाही तो त्यामुळे. तो चढला असता तर खालच्या तळ्यांमध्ये काय राहिलं असतं, याचा हिशोब मला पुढे मिन्नेरियाला समजला.

कँडी. पेरहेरा बघायचा तर दोन रस्ते आहेत: खुर्चीसाठी भरपूर पैसे मोजा, नाहीतर दुपारीच फुटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरून बसा. आम्ही बसलो. डावीकडे कुरुनेगलहून आलेलं एक कुटुंब होतं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. त्यांनी आम्हाला उकडलेले मके दिले, आम्ही त्यांना आमच्याकडचे शेंगदाणे. सिंहली आम्हाला येत नव्हती आणि तिच्यावाचून काही अडलंही नाही. अंधार पडल्यावर आधी आले चाबूकवाले. डांबरावर चाबूक कडाडला की तान्हं बाळ दचकून रडायचं आणि आजी हसायची. त्यांच्यामागे पेटते गोळे फिरवणारी पोरं. चाबूक म्हणजे गडगडाट, आगीचे गोळे म्हणजे वीज, असं लोक सांगतात. कारण हा उत्सव मुळात पावसासाठी देवाला घातलेल्या साकड्याचा. कँडीच्या देवळात जपलेल्या बुद्धाच्या दाताचा मान त्यात अठराव्या शतकात, कीर्ती श्री राजसिंह राजाच्या काळात जोडला गेला. त्याआधी मिरवणूक होती ती नाथ, विष्णू, कतरगम आणि पत्तिनी या चार देवळांची. आजही दात स्वतः देवळाबाहेर पडत नाही, हत्तीच्या पाठीवर येतो तो करंडक.

ढोलांबद्दल लिहिणं व्यर्थ आहे; ते छातीत ऐकू येतात. हत्तींबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. दिव्यांच्या माळा लावलेल्या झुली पांघरून ते येतात तेव्हा भान हरपतं हे खरं. झूल सरकते तेव्हा पायातली साखळीही दिसते, हेही खरं. २०१९ मध्ये याच मिरवणुकीत तिकिरी नावाच्या ७० वर्षांच्या हत्तिणीला चालवलं होतं. झुलीखालचं तिचं हाडं वर आलेलं अंग फोटोंतून जगभर गेलं, मोठा गदारोळ झाला, आणि काही आठवड्यांत ती मेली. शेजारच्या आजींनी करंडकाचा हत्ती येताच हात जोडून डोळे मिटले. मी जोडले नाहीत, पण नजरही काढून घेता आली नाही. यातून सुटका करून देणारं मत माझ्यापाशी नाही.

पर्यटक या रात्रीनंतर गाशा गुंडाळतात. खरं तर उत्सव संपतो तो पुढे, गेटांबेला, महावेलीच्या पात्रात. शेवटच्या मिरवणुकीनंतर पहाटेच्या अंधारात चारही देवळांचे पुजारी नदीत जातात, तलवारीनं पाण्यावर वर्तुळ कापतात आणि कापलेल्या जागेतलं पाणी घड्यांत भरून घेतात. मागच्या वर्षीचं पाणी ओतून द्यायचं, हे नवं वर्षभर देवळात जपायचं. आम्ही तिथे होतो. दिसल्या त्या मुख्यतः लोकांच्या पाठी. ढोल अचानक थांबले एवढं कळलं, मग पुन्हा सुरू झाले, आणि घडे घेऊन माणसं चढ चढून वर आली.

त्याच नदीवर थोडं खाली पोल्गोल्ल इथे बंधारा आहे. १९७६ पासून तिथून महावेलीचं पाणी सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे वळवलं जातं, ते सुदू गंगेतून आंबन गंगेत पडतं आणि उत्तरेच्या कोरड्या भागातल्या तळ्यांना मिळतं. देवळासाठी घडाभर पाणी उचलतात आणि तळ्यांसाठी नदीच उचलतात, दोन्ही एकाच पात्रातून. पत्रकाचे कप्पे माझ्यापुरते इथे निकालात निघाले. आम्ही जिला 'संस्कृती' म्हणून फुटपाथवर बसून पाहिली, ती पावसाची आणि पाण्याची व्यवस्था होती, आणि पुढे तळ्याकाठचे हत्ती बघायला जाणार होतो तेही तिच्याच जोरावर.

कँडीहून उतरलं की दोन-तीन तासांत हवा पालटते. हिरवेपणा विरळ होतो, माती लाल होते. इथे पाऊस पडतो तो मुख्यतः वर्षाच्या अखेरीस, ईशान्य वाऱ्यांबरोबर. मधले महिने कोरडे. म्हणून इथल्या राजांनी शतकानुशतकं एकच काम मन लावून केलं: बांध घालून तळी अडवली. सिंहलीत त्यांना वेव म्हणतात. नकाशात बघा, अनुराधपुर या जुन्या राजधानीच्या आसपास निळे ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात.

सिगिरियाच्या कातळावर चढताना सगळे कश्यप राजाची गोष्ट सांगतात. बापाला मारलं, भावाच्या भीतीनं जवळपास २०० मीटर उंच खडकावर महाल बांधला, ४९५ मध्ये भाऊ फौज घेऊन आला आणि सगळं संपलं. बापाचा भाग घाईत उरकतात. तो बाप म्हणजे धातुसेन, कलावेव तळं बांधणारा. इतिवृत्तात कथा आहे की खजिना कुठे लपवलास म्हणून मुलानं दरडावलं, तेव्हा धातुसेन त्याला तळ्यावर घेऊन गेला, पाण्यात उतरला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, माझी दौलत ती एवढीच. मुलानं चिडून त्याला ठार केलं. त्या कलावेवमधून अनुराधपुराकडे ८७ किलोमीटरचा कालवा जातो, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर. मावशीनं हा आकडा ड्रायव्हरला दोनदा ऐकवला. "येस मॅडम, आय नो," तो दोन्ही वेळा म्हणाला.

कातळाबद्दल तीनच गोष्टी. सकाळी फाटक उघडताच शिरावं, नंतर जिन्यात रांग लागते. सार्क देशांच्या पासपोर्टला तिकीट कमी आहे, तेव्हा पासपोर्ट खिशात असू द्या. आणि भित्तिचित्रांतल्या अप्सरांइतकाच वेळ खालच्या आरसाभिंतीला द्यावा. शतकानुशतकं आलेल्या प्रवाशांनी त्या गुळगुळीत गिलाव्यावर कविता कोरल्या आहेत. सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. म्हणजे आपण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पर्यटकांच्या मागोमाग रांगेत उभे असतो, आणि ते आपल्यापेक्षा बरं लिहायचे. (आता तिथे काही कोरलं तर थेट तुरुंग.)

हबरणाजवळच्या एका गावात आम्ही तळ्याच्या बांधावरून चाललो. पर्यटकांसाठीच आखलेला फेरफटका होता, बैलगाडी, होडी, कमळाच्या पानावर जेवण वगैरे. जेवण मात्र झकास: लाल तांदूळ, खोबऱ्याची झणझणीत चटणी, तळ्यातले मासे. त्यानंतर शेतकऱ्यानं जे दाखवलं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. मोठ्या तळ्याच्या वरच्या अंगाला, रानात, एक लहान तळं होतं. त्यातून शेताला पाणी द्यायचं नाही. गाळ तिथे अडतो आणि जनावरं तिथे पाणी पितात, म्हणजे खालच्या बांधाकडे येत नाहीत. बांधाखाली झाडांचा पट्टा राखलेला, शेतात झिरपणारे क्षार तो शोषतो. आणि भाताच्या खाचरांच्या कडेला एक चिंचोळी पट्टी होती, ती पेरलेली, पण कापायची नसलेली. तिचं नाव कुरुलु पालुव. तिथलं पीक पाखरांचं. त्यांना त्यांचा वाटा दिला की बाकीच्या शेताला कमी त्रास देतात, असा सरळ हिशोब. "पाखरांना कळतं का कुठली पट्टी कोणाची?" मावशीनं ड्रायव्हरमार्फत विचारलं. शेतकरी म्हणाला, कळत नाही, पण आम्हाला कळतं.

हत्तींचा विषय निघाल्यावर त्याचा सूर बदलला. झाडावरचं मचाण त्यानं दाखवलं. पीक तयार झालं की रात्री तिथे जागायचं. विजेच्या कुंपणाची तार एका जागी मोडून पडली होती. शेजारच्या गावात फळांत स्फोटकं भरून ठेवतात, हत्तीचा जबडाच फुटतो, हे सांगताना त्यानं खाली बघितलं. या देशात २०१९ या एका वर्षात ४०० हून अधिक हत्ती आणि १०० हून अधिक माणसं या झगड्यात मेली. २०११ च्या गणनेत एकूण हत्ती होते ५,८७९. संध्याकाळच्या सफारीच्या आधी हे ऐकलं ते बरंच झालं.

मिन्नेरियाचं तळं महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधलं. मेल्यावर लोकांनी त्याला मिन्नेरीचा देव करून पुजलं. धरण बांधून देवपण मिळवणारा राजा मला दुसरा ठाऊक नाही. पाणी येतं आंबन गंगेतून, एलहेरा कालव्यानं. उन्हाळ्यात शेतांना पाणी सोडलं की तळं आक्रसतं, उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं, आणि आसपासची रानं वाळलेली असताना त्या गवतासाठी हत्ती चहूकडून येतात. चांगल्या वर्षी २००-३०० एकत्र. जगातला एवढा मोठा आशियाई हत्तींचा मेळा, आणि तो एका सिंचन प्रकल्पाच्या काठावर.

आम्ही मोजले नाहीत. जीप थांबली तिथून जवळच एक हत्तीण चरत होती. गवत इतकं आखूड की सोंडेत धरता येत नव्हतं. ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडायची, एक, दोन, तीन फटके, मग सुटलेली गवताची जुडी सोंडेनं गोळा करायची, गुडघ्यावर आपटून माती झटकायची आणि मगच तोंडात घालायची. प्रत्येक घासाला हाच क्रम. तिच्या पोटाखालचं पिल्लू पाय आपटून बघत होतं. त्याला गवतही सुटत नव्हतं आणि सोंडही ताब्यात नव्हती. पलीकडे पाण्याच्या कडेनं चित्रबलाक आणि झोळीवाले पाणकोळी रांगेनं उभे. मागे जीपगाड्यांचा घोळका होता, कोणीतरी हॉर्नही वाजवला. हत्तिणीनं कान फडकावले आणि पुढचा फटका मारला.

जीपवाला पोरगा इथलाच. त्यानं सांगितलं, पूर्वी याहून कितीतरी जास्त यायचे. वर आंबन गंगेवर मोरगहकंद धरण झालं, आणि तिथून सोडलेलं पाणी कोरड्या महिन्यांतही तळ्यात येत राहतं. तळं भरलेलं राहिलं की गाळ उघडा पडत नाही, गवत बुडून जातं. भातवाल्यांना दुसरं पीक मिळतं, हत्ती मात्र कुंपणांकडे वळतात. पर्यावरणवाले पाटबंधारे खात्याकडे याचसाठी भांडताहेत: ऑगस्ट-सप्टेंबरात पातळी थोडी उतरू द्या. मावशीनं विचारलं, "मग तुझं म्हणणं काय?" त्याचा बाप भात लावतो आणि तो स्वतः जीप चालवतो. "घरी याच्यावर रोज भांडण होतं," तो म्हणाला.

कोणी जाणार असेल तर एवढं करा. जीप आदल्या दिवशी ठरवून टाकू नका. दुपारी हबरणाच्या नाक्यावर जीपवाल्यांना विचारा की मिन्नेरियाचं पाणी किती उतरलंय. उतरलं नसेल तर हत्ती कौडुल्लाच्या तळ्यावर असतात, नाहीतर हुरुलूच्या रानात. तिन्ही जागा एकमेकींपासून फार दूर नाहीत आणि जीपवाल्यांना सकाळपासूनची खबर असते.